ओ देणारी भिंत

आमच्या थर्लो बंदरातला तारलीचा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी माझं लग्नही बंद पडलं. दोन्ही सावकाश झालं आणि दोन्हीचं गावात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. नवरा पोर्टलंडला निघून गेला. कारखाना मात्र कुठे जाणार? एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने त्याचं छप्पर बसलं, दुसऱ्या हिवाळ्यात बाजूच्या भिंती गेल्या, आणि शेवटी पाण्याकडची तेवढी एक भिंत उरली. चार मजली, ग्रॅनाइटची, खिडक्या विटांनी बुजवलेल्या. बंदराच्या अगदी आतल्या टोकाला ती एकटीच उभी असायची. आणि तिच्या पायथ्याशी, धक्क्यावरच्या सोळा नंबरच्या जागेत, माझी होडी.

सूर्य भिंतीमागून उगवतो. सकाळी साडेदहापर्यंत माझ्या होडीवर उन्हाचा थेंब नाही. सगळं बंदर झगमगत असताना मी स्वेटर घालून गारठ्यात कॉफी प्यायची, आणि एकतीस वर्षं प्यायची. ह्याबद्दल मी किती कुरकुर केली आहे ते सतरा नंबरच्या आल्टन बीअलला विचारा. त्याची होडी माझ्या शेजारी; म्हणजे सावली त्याच्यावरही पडायची, पण तो कधी बोलला नाही.

"टपालवाली," तो म्हणायचा, "उन्हासाठी जन्मली असतीस तर फ्लोरिडात जन्मली असतीस."

मी गावात टपाल वाटायची, म्हणून टपालवाली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्याच्या तोंडातून ते काही सुटलं नाही. मी त्याला म्हाताऱ्या म्हणायची, तो चाळिशीत होता तेव्हापासून. पुढे तो खरंच म्हातारा झाला आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

आता भिंतीचं सांगते. आमच्याकडे धुकं येतं ते पाहुण्यासारखं येत नाही, घरमालकासारखं येतं. जूनमध्ये तर रोजच. समुद्रावरून पांढरं काहीतरी चालत येतं, बेटं एकेक करून पुसतं, आणि बघता बघता तुम्हाला तुमच्याच होडीचं नाक दिसत नाही. बंदराच्या तोंडाशी दोन खडक आहेत, त्यांना आम्ही दोन गायी म्हणतो. त्यांच्या मधून आत यायचं असतं. तर आमच्या आज्या-पणज्यांपासूनची रीत अशी, की गायींच्या बाहेर थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि कारखान्याला हाक मारायची. कुणी घंटा वाजवतं, कुणी भांडं बडवतं, शेवंडवाले, म्हणजे लॉबस्टर धरणारे, नुसते तोंडाने ओरडतात. मग आकडे मोजायचे. आवाज जाऊन भिंतीवर आपटतो आणि परत येतो. तीन म्हणेपर्यंत आला तर तुम्ही गायींपाशी आहात. दोनला आला तर पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापाशी. आवाज स्वच्छ, एकसंध आला तर मार्गाच्या मधोमध आहात, आणि फाटून, दोन तुकड्यांत आला तर उजवीकडे सरकलात, लगेच सुकाणू फिरवा. पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. "कारखान्याने ओ दिली," असं म्हणतात आमच्याकडे. कारखाना चालू होता तेव्हाही म्हणायचे आणि आता नुसती भिंत आहे तरी म्हणतात.

आता प्रत्येकाच्या होडीत पडदा असतो, त्यावर आपण कुठे आहोत ते हिरव्या बाणाने दिसतं. त्यामुळे हाक मारणं राहिलं ते सवयीपुरतं, जसं काही लोक देवळात जात नाहीत पण जेवणाआधी हात जोडतात. आल्टनच्या होडीवर पडदा नव्हता. 'पेशन्स' तिचं नाव, लाकडी, एका शिडाची, त्याच्या वडिलांनी स्वतः बांधलेली. तिच्या डोलकाठीला पितळी घंटा होती आणि खाली एक लोखंडी कढई, घंटा हरवली तर बडवायला. त्याच्या वडिलांची कढईच होती, घंटा नंतरची.

"कारखाना कसा प्रामाणिक बघ," तो म्हणायचा. "दोन टोल दिलेस तर दोनच परत देतो. एक कमी नाही, एक जास्त नाही. माणसांत असं सापडत नाही."

तर दोन वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की बंदर नव्याने बांधायचं. धक्का कुजला होता, ते खरंच होतं. आणि ह्या वेळी आराखडा होडीवाल्यांना विचारून करायचा, असंही ठरलं. पोर्टलंडहून टेसा ब्रँड्ट नावाची तरुण आराखडेवाली आली. लांब मान, मोठा चष्मा, आणि बोलण्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, आणि आवडली म्हणून मी तिला टोचूनच बोलायची.

बैठका अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये झाल्या, फेब्रुवारीत. आमची चूक इथेच झाली. फेब्रुवारीत बंदर गोठलेलं असतं, होड्या शेडमध्ये प्लॅस्टिक पांघरून झोपलेल्या असतात. पाचलाच अंधार पडतो. अशा दिवसांत होडीवाल्याला विचारा की तुला बंदरात काय हवं, तर त्याला धुकं आठवत नाही. त्याला ऊन आठवतं. समुद्रावर राहणाऱ्यांशिवाय असली चूक कुणाच्या हातून होणार नाही. आम्ही हिवाळाभर ज्या समुद्राची स्वप्नं बघतो, तो समुद्र नसतोच मुळी.

टेसाने भिंतीवर मोठे कागद लावले. प्रत्येकाने मनातलं चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, आणि मग प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्या, ज्या चिठ्ठ्या पटतील त्यांवर लावायच्या. लोकांनी लिहिलं: गरम पाण्याचे शॉवर. बर्फाचं यंत्र. ट्रक उभे करायला जागा. संडास, स्वच्छ. पुन्हा संडास. चाउडरचं, म्हणजे माशांच्या दाट सुपाचं, भांडं कोपऱ्यात वाफाळत होतं, आणि माझ्या डोक्यात एकतीस वर्षांची ती गार कॉफी. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: त्या कारखान्याच्या भिंतीमुळे बंदरात सकाळ होत नाही. काढून टाका.

एक्केचाळीस टिकल्या पडल्या. संडासांपेक्षा जास्त. मी निवडणूक जिंकल्यासारखी सगळ्यांकडे बघत होते.

आल्टनने आपल्या पाचही टिकल्या, अगदी ओळीत, आग विझवायचं यंत्र कसं वापरावं ह्या सरकारी सूचनेवर लावल्या. हॉल हसून हसून लोळला. बंदरमास्तर डूएन पिंकहॅम म्हणाला, "म्हाताऱ्याने मत दिलं बरं का! बाकी राहू दे, आधी आग विझवा म्हणतोय." आल्टनही हसला. त्याला असं आडमुठं वागायची हौस आहे, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मला तर कळायला हवं होतं.

मार्चमध्ये आराखडा आला. पडद्यावर टेसाने चित्र दाखवलं: भिंतीच्या जागी उतरती हिरवळ, हिरवळीवर लोक, लोकांवर ऊन. "पाण्याकडचा देखावा मोकळा होतो," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आल्टननेही वाजवल्या. मी पाहिलं होतं.

जूनमध्ये माझ्या इंजिनाचा पंप गेला, म्हणून मी आल्टनच्या होडीवरून बांगडे धरायला गेले. दिवस इतका लख्ख होता की बेटांवरची झाडं मोजता आली असती. पाणी तेलासारखं स्थिर. आम्ही फारसं बोललो नाही, बांगडेही फारसे मिळाले नाहीत, आणि मला वाटलं, माणसाने मरावं तर अशा दुपारी मरावं, कुणाला त्रास न देता.

परत येताना गायींपाशी त्याने इंजिन बंद केलं आणि घंटा वाजवली. दोन टोल. ओठांत मोजलं. दोन टोल परत आले.

"उन्हात कसली घंटा वाजवतोस?"

"सवय."

लाल बोयापाशी पुन्हा वाजवली. ह्या वेळी मी त्याच्या ओठांकडे नीट बघितलं. तो खरंच मोजत होता.

"पुढच्या वर्षी बडवशील कुणाला?" मी म्हणाले. "भिंत तर जाणार."

"कुठली भिंत?"

"कुठली म्हणजे? कारखान्याची! आराखड्यात हिरवळ नाही का तिथे? टाळ्या वाजवल्यास की!"

"सगळ्यांनी वाजवल्या म्हणून मी वाजवल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, नवे संडास."

मी हसले. तो हसला नाही. होडी वाऱ्याशिवाय तशीच हळूहळू सरकत राहिली, आणि त्याने सुकाणूवरचा हात न काढता तोंड माझ्याकडे केलं.

"डेल्फीन," तो म्हणाला. एकतीस वर्षांत हे नाव त्याने फार तर तीनदा घेतलं असेल. "बघ, मी तुझ्याकडे बघतोय का?"

तो माझ्या कानाच्या मागे कुठेतरी बघत होता.

"सरळ बघितलं की तू नसतेसच," तो म्हणाला. "तुझ्या जागी करडा डाग असतो. बाजूला बघितलं तर तुझी टोपी दिसते. दोन हिवाळे झाले. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं. डॉक्टर म्हणतो, आता ह्यात सुधारणा नाही."

मग मला एकेक आठवत गेलं. ट्रक बिघडलाय म्हणून पुतणीच्या गाडीतून येणारा आल्टन, ज्याला मी कंजूष म्हटलं होतं. पत्र वाचून दाखव म्हणणारा आल्टन, ज्याला मी आळशी म्हटलं होतं. आग विझवायच्या सूचनेवरच्या त्या पाच टिकल्या.

"आणि तू रोज बाहेर जातोस!"

"रोज जातो आणि रोज येतो. भिंत घेऊन येते." त्याने घंटेच्या दोरीला हात लावला. "शेवंडवाल्यांच्या होड्या इंजिनावरून ओळखतो, त्यांच्या वाटेत जात नाही. गर्दीच्या वेळी निघतच नाही. डूएनला सांगू नकोस."

डूएनला सांगायचं नाही, ह्याचं कारण मला ठाऊक होतं. बंदराच्या नियमांत तिसऱ्याच पानावर आहे, ज्याला समोरची होडी दिसत नाही त्याने बंदरात सुकाणू धरू नये. चांगला नियम आहे. मीच कुणा दुसऱ्याबद्दल असं ऐकलं असतं तर बोंब ठोकली असती.

"घरी मी काय आहे?" आल्टन म्हणाला. "रेडिओ ऐकणारा एक आंधळा. खुर्चीला अडखळतो. इथे आलो की मला सगळं माहीत असतं. एवढीच जागा उरलीय टपालवाली, जिथे मी अजून आल्टन आहे."

भिंत काढून टाका, अशी चिठ्ठी मीच लिहिली होती, हे मी कबूल केलं.

"तूच लिहिली असणार," तो म्हणाला. "बाकीचे लोक 'कृपया' लिहितात."

शेवटची बैठक जुलैत होती. त्यानंतरच्या गुरुवारी गावाचं मतदान. मी हात वर केला आणि म्हणाले, भिंत पाडू नका. हॉल भरून हशा. डूएनने तर टेबलावर थाप मारली.

"डेल्फीन, चिठ्ठी कुणाची होती गं? की आता तू साडेदहापर्यंत झोपायचं ठरवलंस?"

"माणसाचं मत बदलतं," मी म्हणाले. "तुझ्या बायकोचंही बदलेल एक दिवस."

टेसा मात्र हसली नाही. "मला कारण द्या," ती म्हणाली. "भिंत ठेवायची तर तिला मागून आधार द्यावा लागेल, हिरवळ पलीकडे सरकवावी लागेल, अर्धा आराखडा बदलेल. मी करीन. पण मतदानाच्या वेळी उभं राहून मला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

मी धुक्याचं सांगितलं. हाक मारायची रीत सांगितली. लोकांनी माना हलवल्या, हो हो, आजोबा करायचे, आम्हीही केलंय. पण मानाच हलवल्या. प्रत्येकाच्या होडीत पडदा होता. टेसाने विचारलं की गायींवर भोंगा बसवला तर चालणार नाही का, आपोआप वाजणारा? ह्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. ते माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसलं होतं, टोपी गुडघ्यावर ठेवून.

टोपी डोक्यावर गेली. तो उभा राहिला.

"पोरी, धुक्यात होडीत बसलीयस कधी?"

"नाही, मिस्टर बीअल."

"मग मतदानाआधी ये. धुकं मी देतो."

धुकं त्याने मंगळवारी दिलं. सकाळी नऊला बंदर दिसत होतं, दहाला नव्हतं. 'पेशन्स'वर आम्ही चौघं: आल्टन सुकाणूवर, मी दोरांवर, टेसा मध्ये माझा जुना रेनकोट घालून, आणि पुढे डूएन, खिशात तळहाताएवढं पडद्याचं यंत्र घेऊन, कारण बंदरमास्तर म्हणून त्याला यंत्राशिवाय आम्हाला जाऊच देता आलं नसतं. मी आल्टनला कानात म्हणाले, तुला जमेल ना? तो म्हणाला, आज तर सगळेच माझ्यासारखे आहेत.

आम्ही बेटांच्या पलीकडे गेलो आणि वळलो. मग काही उरलं नाही. वर पांढरं, खाली पांढरं, आणि मधे आम्ही एका लाकडी ताटलीत बसल्यासारखे. डूएनचा आवाज दहा फुटांवरून यायचा आणि तो माणूस नसायचा. टेसाने चष्मा काढून खिशात घातला, काचांवर नुसतं पाणी होतं. मला माझी आई आठवली, कारखान्यात तारली कापायची ती. तिच्या हातांचा वास मला आला, खरोखरचा, त्या धुक्यातून. एवढ्या वर्षांत तिची एवढ्या जवळून आठवण आली नव्हती.

आल्टनने इंजिन बंद केलं.

"आता हाक मार," तो टेसाला म्हणाला.

तिने दोरी ओढली. दोन टोल. आवाज कापसात शिरावा तसा गेला. एक. दोन. तीन. आणि त्या पांढऱ्यातून, कुठून ते कळत नाही, पण नक्की समोरून, दोन टोल परत आले. थोडे मऊ होऊन, थोडे थंड होऊन.

टेसाच्या तोंडातून "अरे!" निघालं, लहान मुलीसारखं.

"ह्या आपल्या गायी," आल्टन म्हणाला. त्याच वेळी डावीकडे खडकावर पाणी चुळबुळलं, हाताने शिवावं इतकं जवळ, आणि मागे पडलं. पुढून डूएनचा आवाज आला, "यंत्रही तेच म्हणतंय." पुढे दोनला बोया. मग एक टोल फाटून आला, आल्टनने बोटभर सुकाणू हलवलं, पुढचा स्वच्छ आला. एक म्हणेपर्यंत टोल परत आला, तेव्हा त्याने होडी मंद केली. आणि भिंत एकदम वर उभी राहिली, काळी, ओली, सगळं आकाश अडवून. सतरा नंबरच्या जागेत 'पेशन्स' शिरली तेव्हा धक्क्याला साधा धक्काही लागला नाही.

कुणीच उतरेना. शेवटी टेसा म्हणाली, "मी हे आयुष्यभर विसरणार नाही." मग चष्मा घातला, आणि तिच्यातली आराखडेवाली परत आली. "पण मला खरं बोललं पाहिजे. मतदानात विचारतील, असे दिवस वर्षात किती? चाळीस? आणि चाळीस दिवसांसाठी भोंगा पुरेल. डूएनकडे तर यंत्रही आहे. रीत सुंदर आहे म्हणून भिंत वाचत नाही, मिस्टर बीअल. कुणाला तरी ती लागत असली पाहिजे."

मी आल्टनकडे बघितलं. बोलू नकोस, असं मनात म्हणत होते. दुसरं काहीतरी शोधू, म्हाताऱ्या, बोलू नकोस.

"चाळीस नाहीत," तो म्हणाला. "तीनशे पासष्ट. माझ्याकडे रोज धुकं असतं, पोरी. तुझा चेहरा मी पाहिलेला नाही. चष्मा आहे हे तू तो पुसतेस त्या आवाजावरून कळतं. दोन वर्षं मी ह्या भिंतीच्या आवाजावर ये-जा करतोय, आणि ह्या डूएनलासुद्धा पत्ता लागला नाही. भोंगा काय करेल? भोंगा सांगतो की गायी इथे आहेत. मी कुठे आहे ते भिंत सांगते."

डूएन मागे आमच्यापाशी आला होता, पण धुक्याकडे बघत होता. तो माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला पोरगा. पहिल्यांदा होडी शिकला ती आल्टनकडे, ह्याच होडीवर. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

"आल्टन," तो म्हणाला, "हे तू माझ्यासमोर बोलायला नको होतंस."

"माहीत आहे."

"मला मग..."

"तिसरं पान," आल्टन म्हणाला. "मीच होतो रे तो नियम लिहिणाऱ्या समितीत." आणि त्याने इंजिनाची किल्ली काढून डूएनच्या आवाजाच्या दिशेने धरली. हात थोडा बाजूला गेला. डूएनला पुढे वाकून ती घ्यावी लागली.

गुरुवारी टेसाने हॉलमध्ये फेब्रुवारीचाच कागद पुन्हा लावला, माझ्या चिठ्ठीसकट. म्हणाली, ज्यांना मत बदलायचंय त्यांनी टिकली काढावी. मी पहिली उठले. मग शेवंडवाले उठले, मग त्यांच्या बायका. हिरव्या टिकल्या घट्ट चिकटलेल्या होत्या, माणसं नखांनी खरवडत होती, आणि त्या खरवडण्याशिवाय हॉलमध्ये आवाज नव्हता. मी आग विझवायच्या सूचनेवरच्या पाच टिकल्या हलक्या हाताने सोडवल्या आणि नव्या चिठ्ठीवर लावल्या. तिच्यावर मी लिहिलं होतं: भिंत राहू द्या. कृपया.

भिंत राहिली. मागून लोखंडी आधार आले, पायथ्याशी एक लांब बाक आलं, हिरवळ पलीकडे गेली. माझ्या होडीवर अजून साडेदहापर्यंत ऊन नाही.

आल्टन मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले तर 'पेशन्स'ची पितळी घंटा माझ्या होडीत ठेवलेली, दोरीसकट, चिठ्ठी नाही. कढई त्याने घरी नेली होती. ऑगस्ट गेला. मी त्याच्या दारात जाऊन म्हणाले, चल माझ्या होडीवर, सुकाणू तू धर, मी बघते. तो म्हणाला, मी टपालातलं पार्सल नाही. सप्टेंबरात त्याने दारच उघडलं नाही, आत रेडिओ चालू होता. मी पायरीवर बसून बराच वेळ त्याला शिव्या दिल्या आणि घरी येऊन रडले. माझ्या उन्हापायी हे झालं. आधी उन्हापायी आणि मग धुक्यापायी. भिंत वाचवायला निघालो आणि जो तिचा होता तोच गेला, असं मला रोज वाटायचं, सावलीत कॉफी पिताना.

ऑक्टोबरच्या शेवटी, होडी वर काढायच्या आधी, मी एकदाच बांगड्यांसाठी बाहेर गेले. दुपारी दोनला धुकं चालत आलं. बेटं गेली, मग पाणी गेलं. माझ्यासमोर पडद्यावर हिरवा बाण होता, मी कुठे आहे ते अगदी नेमकं दाखवत. मी तो बंद केला. का, ते सांगता येणार नाही. सांगायचंच तर त्या पांढऱ्यात मला त्याच्याजवळ बसल्यासारखं वाटत होतं, आणि पडद्याच्या उजेडाने ते मोडत होतं.

गायींपाशी इंजिन बंद केलं. पितळी घंटेची दोरी ओढली. दोन टोल.

एक. दोन. तीन.

दोन टोल परत आले, मऊ, थंड, प्रामाणिक. मी सुकाणूला हात घातला.

आणि मग तिसरा आला. जाड, बेसूर, फुटक्या लोखंडाचा. भिंतीच्या पायथ्याशी कुणीतरी बाकावर बसून कढई बडवली होती.

मी उत्तर म्हणून एक टोल दिला. कढई लगेच वाजली, माझ्या टोलाची वाटच बघत असल्यासारखी, आणि धुक्यातून ओरडणं आलं, "उजवीकडे सरकलीस, टपालवाली! आंधळी आहेस की काय?"

मी सुकाणू डावीकडे घेतलं आणि आत आले.